कढईवांचून पाहुणचार
(नभोवाणीवरील भाषण)

ज्या गृहस्थानें जन्मभर खडू आणि फळा यांपलीकडे कशास हात लावला नाहीं, त्यानें निवृत्तीनंतर पाकक्रियेवर भाषण करावें, हें ऐकून आपल्यापैकीं पुष्कळांना हसूं येईल. भगिनीवर्गाला तर हा अधिकाराचा अतिक्रमच वाटेल. तो आरोप मी आधींच मान्य करतों. माझें शिक्षण मॅट्रिकपर्यंतचें. मीं मुलांना शिकविलें तें अंकगणित, भूगोल आणि थोडेंसें सामान्य विज्ञान. परंतु आजचा विषय असा आहे कीं, त्यांत स्वयंपाकघर जितकें आहे तितकेंच सामान्य विज्ञानही आहे. आणि या दोहोंशिवाय आणखी एक तिसरी गोष्टही त्यांत आहे. ती मी शेवटीं सांगेन.

परभणी जिल्ह्यांतील चुडावा हें आमचें गांव. पूर्णा आणि नांदेड यांच्या दरम्यान गाडींतून प्रवास करणाऱ्यांनीं स्थानकावरची पाटी वाचली असेल. गांव लहान, परंतु लोहमार्गावरचें; त्यामुळें येथें पाहुणा येण्यास आगाऊ वर्दी लागत नाहीं. कोणी जुना विद्यार्थी नांदेडला कामासाठीं निघालेला असतो. "गुरुजी, म्हटलें वाटेंत उतरून भेटून जावें," असें म्हणत तो दारांत उभा राहतो, आणि त्याच्यामागून त्याची पत्नी व दोन मुलेंही ओसरीवर चढतात. अशा वेळीं आमच्याकडे नुसता चहा पुढें करणें कमीपणाचें मानतात. चहाबरोबर कांहीं तरी ताजें, गरम आणि कुरकुरीत हवें. आणि मराठवाड्यांत काय किंवा पुण्या-मुंबईकडे काय, गरम आणि कुरकुरीत म्हणजे कढईंतलें, हा सिद्धांत आपण पिढ्यान् पिढ्या धरून चाललों आहों.

या सिद्धांताची किंमत कोण देतें, इकडे माझें लक्ष पुष्कळ वर्षें गेलें नाहीं. चार माणसें बैठकींत बसलीं कीं माझी पत्नी आंत जाई आणि कढई चुलीवर चढे. पहिला घाणा बाहेर येई तेव्हां आमच्या गप्पांना नुकता रंग चढलेला असे. दुसरा येई तेव्हां कोणाच्या तरी मुलीचें लग्न ठरल्याची हकीकत चाललेली असे. शेवटचा घाणा उतरवून, हात पुसून ती स्वतः बाहेर येई तेव्हां पाहुणे चपला घालीत असत.

एकदां माझा एक जुना विद्यार्थी फार वर्षांनीं आला. लहानपणीं तो आमच्या घरीं महिनोन् महिने जेवलेला. त्यानें बोलतां बोलतां आपली आई वारल्याचें सांगितलें. रात्रीं मी तो विषय काढला तेव्हां माझी पत्नी एकदम उठून बसली. "अहो, त्याची आई गेली? मला कुठें ऐकूं आलें! माझ्यापुढें कढई बोलत होती," ती म्हणाली. त्या मुलाच्या पाठीवर हात ठेवून समाधानाचे दोन शब्द तिनें बोलावयास हवे होते. त्याऐवजीं तिनें त्याला दोन बशा भजीं दिलीं. त्या रात्रीं मला प्रथमच कढईचा राग आला.

पुढें आम्हां दोघांनाही वैद्यांनीं तळणाबद्दल ताकीद दिली, आणि त्या वर्षीं दिवाळीस पुण्याहून मुलगी आली ती एक यंत्र घेऊन आली. त्याचें नांव एअर फ्रायर. मोठ्या रांजणाच्या बुडख्यासारखा त्याचा आकार, समोर खण, आणि खणांत भोकांची जाळी. पत्नीनें तें पाहून "यांत काय शिजणार?" म्हणून तोंड फिरविलें. मीं मात्र त्याबरोबरचें माहितीपत्रक वाचावयास घेतलें, मास्तराची खोड!

प्रथम नांवाविषयीं. 'फ्राय' म्हणजे तळणें. आणि तळणें म्हणजे तापलेल्या तेलांत बुडविणें. या यंत्रांत बुडविण्याजोगें तेल नसतेंच, म्हणून त्यास तळणारें यंत्र म्हणणें खरें नव्हे. ही वस्तुतः एक लहान, बंदिस्त आणि वारा घालणारी भट्टी आहे. वरच्या बाजूस तापणारी तार असते, तिच्यावर पंखा असतो. तो तापलेली हवा मोठ्या वेगानें खालीं लोटतो, ती जाळींतून, पदार्थाच्या सभोंवार फिरून पुन्हां वर जाते. घरांत मी त्यास 'वाराभट्टी' म्हणतों, आणि आजच्या भाषणांतही तोच शब्द वापरीन.

वारा घालणारी भट्टी ही कल्पना अगदीं नवी नव्हे. दुसरें महायुद्ध संपत आलें तेव्हां, १९४५ च्या सुमारास, अमेरिकेंतील विल्यम मॅक्सन यानें विमानांत गोठविलेलें जेवण झटपट गरम करण्यासाठीं पंख्याची भट्टी तयार केली होती. घरगुती आकाराचें आजचें यंत्र फ्रेड व्हॅन डर वेय या डच गृहस्थाच्या खटपटींतून निघालें, आणि फिलिप्स कंपनीनें तें २०१० सालीं बर्लिनच्या प्रदर्शनांत लोकांपुढें मांडलें. पुढें अनेक कंपन्यांनीं तशीं यंत्रें काढलीं, आणि आतां तीं आपल्या तालुक्याच्या बाजारांतही दिसतात.

तेलावांचून पदार्थ कुरकुरीत करणें ही युक्ती तरी आपल्याला नवी कोठें आहे? भडभुंज्या तापलेल्या वाळूंत चुरमुरे आणि फुटाणे फुलवितो, त्यांत तेलाचा थेंब नसतो. निखाऱ्यावरचा पापड तेलाशिवायच फुलतो. थंडींत शेतावर गोवऱ्यांच्या आगटींत आपण हुरडा भाजतों. या तिन्ही ठिकाणीं पदार्थास हवी असते ती उष्णता. वाळू, निखारा किंवा तेल हे ती पोंचविणारे हमाल होत. वाराभट्टींत ही हमाली वाऱ्यानें केलेली असते, एवढाच फरक.

परंतु हवा ही हमाली करण्यांत तेलापेक्षां फार दुबळी आहे. तापलेल्या भट्टीच्या तोंडाशीं क्षणभर हात धरवतो, पण उकळत्या पाण्यांत निमिषभरही धरवत नाहीं. आणि भट्टींतली हवा तर त्या पाण्याहून कितीतरी अधिक तापलेली असते. शिवाय पदार्थांतून निघणारी वाफ त्याच्या भोंवतीं एक ओलसर, थंड वेष्टण करून राहते. तें वेष्टण उडवून लावण्यासाठीं पंखा हवा. बशींतला चहा आपण फुंकतों, तेव्हां वरचा वाफेचा थर हलून चहा लवकर निवतो. वारा थंड असला तर वस्तु लवकर निवते. तोच वारा तापलेला असला तर वस्तु लवकर तापते आणि लवकर वाळतेही. वैशाखांत आमच्याकडे ऊन स्थिर असतांना जें सोसवतें, तेंच झळा वाहूं लागल्या कीं सोसवत नाहीं. वाराभट्टी म्हणजे खणांत कोंडलेला वैशाख, असें समजा.

आतां कुरकुरीतपणा म्हणजे काय तें पाहूं. पदार्थाच्या पृष्ठभागावर जोंवर पाणी आहे, तोंवर त्याची उष्णता शंभर अंशांपलीकडे फारशी चढत नाहीं, कारण आलेली सर्व उष्णता पाण्याची वाफ करण्यांत खर्च होते. पाणी संपलें कीं पृष्ठभाग झपाट्यानें तापतो. आणि सुमारें एकशें चाळीस अंशांपुढें पिठांतील शर्करा आणि प्रथिनें यांचा संयोग वेगानें होऊन सोनेरी रंग व खमंग वास उत्पन्न होतो. लुई कामिल मायार या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञानें १९१२ सालीं या क्रियेचें वर्णन केलें, म्हणून ती त्याच्या नांवानें ओळखली जाते. कढईंत काय, तव्यावर काय, किंवा वाराभट्टींत काय, खमंगपणाचें मूळ हेंच. म्हणून वाराभट्टीचें सारें शास्त्र एका वाक्यांत सांगतां येतें: आधीं पृष्ठभाग कोरडा होऊं द्या, म्हणजे तो आपोआप खमंग होईल.

हें वाक्य मीं माहितीपत्रकांतून शिकलों नाहीं, फजितीनें शिकलों. पहिल्याच दिवशीं उत्साहाच्या भरांत मीं अर्धा किलो भेंडी धुवून, ओलीच चिरून, मीठ-तिखट लावून खण काठोकाठ भरला. पंधरा मिनिटांनीं खण उघडला तों आंत भेंडीची बुळबुळीत भाजी! पत्नी कांहीं बोलली नाहीं, तिनें मुकाट्यानें त्यांत चिंचेचा कोळ घालून रात्रीं ती पानांत वाढली. विचार करतां माझ्या चुका तीन निघाल्या. भेंडी ओली होती. मिठानें तिच्या पोटांतलें आणखी पाणी बाहेर काढलें. आणि खण भरल्यामुळें वाऱ्यास फिरावयास वाटच उरली नाहीं. मीं भाजलें नव्हतें, उकडलें होतें.

त्यावरून मीं चार नियम वहींत लिहून ठेवले. पहिला, पदार्थ कोरडा करून घालावा. दुसरा, तो जाळीवर एकाच थरांत, बोटभर मोकळी जागा ठेवून मांडावा. घाई असली तरी दोन घाणे करावे, एकावर एक रचूं नये. तिसरा, तेलाचा हात अवश्य लावावा. तेलाचा पातळ थर वाऱ्याची उष्णता सर्वत्र सारखी पोंचवितो आणि पिठास कोरडें, भुरकट राहूं देत नाहीं. अजिबात तेल नको म्हणणाऱ्यास जें मिळतें त्यास वाळवण म्हणावें, खाणें म्हणूं नये. चौथा, यंत्र रिकामें तीन मिनिटें तापवून मग पदार्थ घालावा, आणि निम्म्या वेळानें तो उलटावा किंवा खण हलवावा.

आतां पाहुण्यांसाठीं चार पदार्थ सांगतों. तीन तिखट आणि एक गोड. वजनें आणि वेळ सुमारें चार लिटरच्या खणासाठीं आहेत. चमचा म्हणजे पांच मिलिलिटरचा लहान चमचा समजावा.

पहिला पदार्थ कोथिंबीरवडी. वाराभट्टीस हा सर्वांत मानवतो, कारण वडी आधींच उकडून शिजलेली असते, यंत्रानें फक्त कवच आणावयाचें असतें. दोन वाट्या चिरलेली कोथिंबीर, एक वाटी डाळीचें पीठ, चार चमचे तांदळाची पिठी, आलें-मिरचीचें वाटण, तीळ, हळद, मीठ, चिमूटभर साखर आणि लिंबाचा रस, हें बेताच्या पाण्यांत घट्ट कालवून, तेलाचा हात फिरविलेल्या थाळींत थापावें आणि वीस मिनिटें वाफवावें. पुरें निवल्यावरच वड्या कापाव्या. हें काम आदल्या दिवशीं करून ठेवल्यास उत्तम. पाहुणे आले कीं वड्यांना मिळून एक चमचा तेल चोळून १९० अंशांवर बारा मिनिटें ठेवाव्या, मध्यें एकदां उलटाव्या. अळूवडीसही हीच रीत लागू आहे.

दुसरा पदार्थ तीच भेंडी, पण सुधारलेली. आमच्या जिल्ह्याला भेंडीचा अभिमान बाळगण्यास कारण आहे. परभणीचें कृषि विद्यापीठ १९७२ सालीं स्थापन झालें, त्यानें १९८५ च्या सुमारास 'परभणी क्रांति' या नांवाचा भेंडीचा वाण काढला. पानांच्या शिरा पिवळ्या पाडणाऱ्या केवडा रोगास तो दाद देत नसे, म्हणून तो दूरदूरच्या शेतांत पोंचला. असो. पाव किलो कोंवळी भेंडी धुवून फडक्यावर तासभर पसरावी, आणि अगदीं कोरडी झाल्यावर उभी चिरून एकेकीच्या चार फांकी कराव्या. सहा चमचे डाळीचें पीठ, तीन चमचे तांदळाची पिठी, तिखट, हळद व आमचूर कोरडेंच मिसळावें. फांकींना आधीं दोन चमचे तेल चोळावें, मग तें पीठ भुरभुरावें. मीठ या वेळीं मुळींच घालूं नये. दोन घाणे करून प्रत्येक घाणा १८० अंशांवर दहा ते बारा मिनिटें ठेवावा आणि दोनदां खण हलवावा. मीठ बशींत काढल्यावर, वाढतांना भुरभुरावें.

तिसरा पदार्थ धपाट्याच्या टिकल्या. धपाटें हें मराठवाड्याचें खास खाणें. परंतु तें तव्यावर एकेक करीत बसावें लागतें. म्हणून लहान टिकल्या. दोन वाट्या ज्वारीचें पीठ, पाव वाटी डाळीचें पीठ, पाव वाटी कणीक. लसूण, हिरवी मिरची व जिरें यांचें वाटण. ओवा, तीळ, हळद, मीठ, मूठभर चिरलेली मेथी आणि अर्धी वाटी दही. हें कोमट पाण्यानें मळावें. ज्वारींत गव्हासारखा चिकट अंश नसतो, म्हणून थंड पाण्यानें पीठ तुटतें. कोमट पाणी आणि थोडी कणीक यांनीं तें धरून राहतें. ओल्या फडक्यावर पातळ थापून वाटीच्या कांठानें टिकल्या पाडाव्या आणि मधोमध बोटानें भोंक पाडावें, म्हणजे वारा आरपार जातो. वर मिळून दोन चमचे तेल फिरवावें. १८० अंशांवर सात मिनिटें, मग उलटून पांच मिनिटें. एका वेळीं खणांत मावतील तेवढ्याच घालाव्या, उरलेलें पीठ दुसऱ्या दिवशींच्या न्याहारीस ठेवावें. बरोबर शेंगदाण्याची चटणी आणि दही. परभणीच्या विद्यापीठानें २०१८ सालीं लोह आणि जस्त यांचा अंश अधिक असलेला 'परभणी शक्ति' हा ज्वारीचा वाण पुढें आणला आहे. तो मिळाल्यास दुधांत साखर.

चौथा पदार्थ गोड. आमच्या शेजारीं नांदेड जिल्ह्यांत अर्धापूरचीं केळीं प्रसिद्ध आहेत. पिकलेलीं परंतु घट्ट अशीं तीन केळीं तिरपीं, बोटभर जाडीचीं कापावीं, एक चमचा पातळ तूप हलक्या हातानें लावावें, आणि १८० अंशांवर आठ मिनिटें ठेवावीं. पांचव्या मिनिटास उलटावीं. कडा तपकिरी झाल्या कीं बशींत काढून, गरम असतांनाच किसलेला गूळ, वेलदोड्याची पूड, भाजलेले तीळ आणि खोबऱ्याचा कीस वर पसरावा. गूळ आधीं घालूं नये. तो वितळून जाळींतून खालीं गळतो, करपतो, आणि दुसरे दिवशीं भांडें घासणाराच्या तोंडून आपला उद्धार होतो. केळीं नसलीं तर सकाळच्या पोळीला तूप लावून गूळ, तीळ व दाण्याचें कूट पसरावें, घट्ट सुरळी करून तुकडे कापावे, आणि जोड खालीं ठेवून १७० अंशांवर पांच मिनिटें ठेवावे. मुलें हे तुकडे मिठाईपेक्षां आवडीनें खातात.

आतां या यंत्राच्या मर्यादाही सांगितल्या पाहिजेत, नाहींतर माझें भाषण जाहिरात ठरेल. कांद्याचीं भजीं त्यांत होत नाहींत. पातळ पीठ कढईंत पडतांच सभोंवारचें तेल त्याला क्षणांत घट्ट करतें. वाऱ्यास तेवढी घाई जमत नाहीं, तोंवर पीठ जाळींतून ओघळून जातें. पुरीही तशी फुगत नाहीं, कारण फुगण्यास लागणारी वाफ एकदम व्हावी लागते, आणि वाऱ्यानें ती सावकाश होऊन निसटून जाते. पापड, कडीपत्त्याचीं सुटीं पानें, रिकामा कागद अशा हलक्या वस्तु पंख्यानें उडून तापलेल्या तारेस चिकटण्याचें भय असतें. करंजी होते, पण ती खुसखुशीत खारीसारखी लागते, तुपांत तळलेल्या करंजीसारखी लागत नाहीं. सणावाराला कढई चढावी, तिचा मान तिला द्यावा; मीं कढईला घराबाहेर काढलेलें नाहीं.

भाजतांना रंग सोनेरी होतांच थांबावें. पिठूळ पदार्थ फार तापवून काळपट केले तर त्यांत ॲक्रिलामाइड नांवाचें अपायकारक द्रव्य वाढतें, हें स्वीडनमधील संशोधकांनीं २००२ सालीं दाखवून दिलें. ही गोष्ट कढईस लागू आहे तशीच वाराभट्टीसही आहे. वाऱ्यावर भाजलें म्हणून कांहींही करपविण्यास मुभा मिळत नाहीं.

विजेबद्दल दोन शब्द. अशा यंत्रास साधारणतः १४०० वॅट वीज लागते. घरांतला दाब २३० व्होल्ट धरला तर भागाकार करून विद्युत्प्रवाह सहा अँपिअरहून किंचित् अधिक येतो. आपल्या भिंतींवरचें लहान बटन-खोबण सहा अँपिअरचेंच असतें. म्हणून यंत्र नेहमीं सोळा अँपिअरच्या मोठ्या खोबणींत लावावें, आणि जुन्या घरांत आधीं तारा तपासून घ्याव्या. यंत्राच्या पाठीमागें वीतभर जागा सोडावी, कारण तेथून गरम वाफ बाहेर पडते. गांवांत संध्याकाळीं दाब उतरतो. दाब दहा टक्के उतरला तर तारेची उष्णता जवळजवळ एकोणीस टक्के उतरते. अशा वेळीं घड्याळापेक्षां स्वतःच्या डोळ्यांवर विश्वास ठेवावा. धुतांना खण आणि जाळी तेवढीं धुवावीं, लोखंडी घासणीनें खरवडूं नये, आणि यंत्राच्या अंगास पाणी लावूं नये.

हिशेब हा माझा जुना विषय, तोही मांडतों. वड्या बारा मिनिटें, भेंडीचे दोन घाणे मिळून चोवीस, टिकल्या बारा आणि केळीं आठ, मिळून छप्पन्न मिनिटें. म्हणजे सुमारें सव्वा युनिट वीज, तीही तार मधून मधून बंद होत असल्यामुळें कांहींशी कमीच. तेल-तूप वरून लागलें तें सहा चमचे. चार पाहुणे आणि आम्ही दोघें, मिळून माणशीं एक चमचा. शिवाय कढईंत उरलेल्या तेलाचें काय करावें, हा प्रश्नच उरत नाहीं. तेंच तेल पुन्हां पुन्हां तापविलें तर तें बिघडतें. आपल्या अन्नसुरक्षा प्राधिकरणानें २०१८ सालापासून अशा तेलांतील ध्रुवीय संयुगांना पंचवीस टक्क्यांची मर्यादा घातली आहे. घरांत तें मोजण्याचें साधन नसतें, म्हणून तेल कमी तापविणें हाच शहाणपणा. उलट बाजूस यंत्रास कांहीं हजार रुपये पडतात, हेंही खरें. ज्यांच्याकडे वर्षांतून चारदांच पाहुणे येतात त्यांनीं तें घेण्याची घाई करूं नये. टिकल्या आणि वड्या जाड तव्यावर झांकण ठेवून, किंवा आप्पेपात्रांत थेंबभर तेलावर चांगल्या होतात. वेळ अधिक लागतो आणि जवळ उभें राहावें लागतें, एवढेंच.

आणि 'जवळ उभें राहावें लागतें' या शब्दांपाशींच माझी तिसरी गोष्ट आहे. श्रोतेहो, या यंत्राचा खरा गुण तेलाच्या बचतींत नाहीं. पदार्थ आंत घालून कळ फिरविली कीं तें आपलें आपण चालतें आणि वेळ संपतांच घंटा वाजवून बंद होतें. त्याच्यापुढें कोणी उभें राहावें लागत नाहीं. आम्हीं तें बैठकीच्या कोपऱ्यांत मोठ्या खोबणीजवळ मेजावर ठेवलें आहे, आणि खण काढण्या-घालण्याचें काम माझ्याकडे आहे. प्रथम माझ्या पत्नीस हें पटेना. "पाहुण्यांसमोर तुम्ही उठबस करायची आणि मी बसून राहायचं? लोक काय म्हणतील?" हा तिचा प्रश्न. मीं सांगितलें, शाळेंत घंटा वाजली कीं उठण्याची मला पस्तीस वर्षांची सवय आहे.

गेल्या हिवाळ्यांत तोच विद्यार्थी पुन्हां आला. या खेपेस त्याची पत्नीही बरोबर होती. मीं कोथिंबीरवडीचा खण आंत सरकविला आणि बारा मिनिटें कांहीं काम उरलें नाहीं. माझी पत्नी त्याच्या समोर पाटावर बसली. थोडा वेळ ती कांहींच बोलली नाहीं. मग म्हणाली, "तुझी आई गेली तेव्हां मला कळलंच नाहीं रे. तूं इथं बसला होतास आणि मी आंत भजीं तळत होतें." तो म्हणाला, "काकू, त्या दिवशीं भज्यांबरोबर तुम्ही बाहेर याल म्हणून मी वाट पाहत होतों." मग त्याच्या आईच्या किती तरी आठवणी निघाल्या. घंटा वाजली ती मलाच काय ती ऐकूं आली, आणि ती बोलणीं मोडूं नयेत म्हणून मी हळूच उठलों. त्या दिवशींच्या वड्या कडेला थोड्या अधिक लाल झाल्या होत्या. पण तें कोणाच्या लक्षांत आलें नाहीं.

तेव्हां ज्यांच्या घरीं असें यंत्र आलें आहे त्यांना माझी विनंति एवढीच कीं, तें आणून पुन्हां स्वयंपाकघरांत त्याच जागीं ठेवूं नका आणि त्याच्यापुढें पुन्हां त्याच माणसाला उभें करूं नका. ज्यांच्याकडे यंत्र नाहीं, त्यांनीं वड्या आदल्या दिवशीं उकडून ठेवाव्या, पदार्थ तीनऐवजीं एकच करावा, आणि तव्यापुढें घरांतल्या माणसांनीं पाळीपाळीनें उभें राहावें. पाहुणा आपल्या घरीं येतो तो खाण्यासाठीं थोडा आणि भेटण्यासाठीं अधिक. आणि भेटावयाचें तें घरांतल्या सर्वांना.